आझाद मैदानावर निघालात? गावाकडून मुंबईच्या आंदोलनाला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईच्या मोर्चाला निघालेली माणसं मागण्यांबद्दल काही विचारत नाहीत, त्या त्यांना पाठ असतात. विचारतात ते हे: उतरायचं कुठे, झोपायचं कुठे, पोलिसांनी गाडीत घातलं तर पुढे काय. पुढाऱ्यांच्या भाषणात या प्रश्नांची उत्तरं नसतात, म्हणून ती इथे लिहिली आहेत. मागणी कोणाची, पक्ष कोणता, याच्याशी या पानाला देणंघेणं नाही.

मोर्चा मंत्रालयावर आहे असं पत्रकात लिहिलंय. मग आझाद मैदानावर का थांबवतात?

पत्रकात "मंत्रालयावर धडक" लिहायची पद्धत जुनी आहे. पूर्वी मोर्चे काळा घोडा चौकापर्यंत जायचे आणि तिथे अडवले जायचे. नरिमन पॉइंट-चर्चगेट भागातले रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने दक्षिण मुंबईतली आंदोलनं आझाद मैदानाच्या राखीव भागात आली. तेव्हापासून हजारोंचा मोर्चा मंत्रालयाच्या दारात जात नाही. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून जातं, बाकीचे मैदानात वाट बघतात. हे आधीच माहीत असलं की "आपल्याला फसवून इथेच बसवलं" असं वाटत नाही.

मैदान मोठं असलं तरी आंदोलनाला त्याचा एक कोपराच मिळतो. उरलेल्या भागात क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर. तुमची घोषणा चालू असताना पलीकडे कोणीतरी षटकार मारेल, आणि त्यात तुमचा अपमान नाही.

परवानगी खरंच आहे का, हे साध्या माणसाने कसं ओळखायचं?

आयोजकाकडे परवानगीचं पत्र मागा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पत्र दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या भरवशावर शंभर माणसं गाडीत बसवू नका. पत्रात चार गोष्टी बघा: तारीख, वेळ, किती माणसांना परवानगी आणि गाड्या कुठे लावायच्या.

२०२५ पासून आझाद मैदानासाठी वेगळी नियमावली आहे. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. एका वेळी ५,००० आंदोलक. परवानगी एका दिवसाची, मुक्काम वाढवायचा तर पुन्हा अर्ज. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीला परवानगी मिळत नाही. मैदानात चूल पेटवायला आणि कचरा टाकायला मनाई असते. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी.

आम्ही पन्नास हजार आलो तर ५,००० ची अट काय करणार?

२९ ऑगस्ट २०२५ ला मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले तेव्हा नेमकं हेच घडलं. परवानगी ५,००० ची, आणि आलेली माणसं मैदानात मावेनात. ती सीएसएमटी स्थानकात, महापालिकेसमोरच्या चौकात, रस्त्यांवर पसरली. वर पाऊस, त्यात गणेशोत्सवाचे दिवस. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरच्या सुनावणीत दुसऱ्या दिवसापर्यंत रस्ते मोकळे करायला सांगितलं. २ सप्टेंबरला सरकारचा निर्णय आला आणि उपोषण सुटलं.

गर्दीने सरकारवर दबाव येतो हे खरं. पण परवानगीपेक्षा जास्त गर्दी झाली की मागणी बाजूला पडते आणि कोर्टात, टीव्हीवर चर्चा होते ती वाहतुकीची. आयोजकांनी टप्प्याटप्प्याने माणसं आणावीत हे माझं मत. आज बीड, उद्या परभणी. सगळ्यांनी एकाच दिवशी येऊन एकाच नळावर भांडण्यात अर्थ नाही.

यायचं कसं? गाडी करून की रेल्वेने?

शक्य असेल तर रेल्वेने. सीएसएमटीला उतरलात की भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून पाच-सात मिनिटांत मैदान. चर्चगेटला उतरलात तर थोडं जास्त चालावं लागतं. आता मेट्रोच्या भुयारी मार्गिकेवरही सीएसएमटी स्थानक आहे. लांबच्या गाडीने येणाऱ्यांनी कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरून लोकल धरली तरी चालते.

एसटीने आलात तर मुंबई सेंट्रल, परळ, दादर किंवा कुर्ला नेहरूनगर. तिथून पुढे लोकल किंवा बेस्टची बस.

स्वतःच्या गाडीचं मात्र दोनदा विचार करून ठरवा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, हा भाग चांगला. पण दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा नसते, आणि मोठ्या आंदोलनाच्या दिवशी गाड्या मैदानाच्या जवळ येऊच देत नाहीत. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप तर अजिबात नको. वाहनतळ कुठे नेमून दिलाय हे चालकाला आदल्या रात्री सांगा, आणि परतीची जागा आणि वेळ गाडीतल्या प्रत्येकाला कागदावर लिहून द्या. मोर्चात चुकलेली माणसं मैदानात चुकत नाहीत, ती वाहनतळ शोधताना चुकतात.

लोकलची भीती वाटते. काय जपायचं?

डबा. दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन पहिल्या वर्गात चढलेला माणूस दंड भरतो, आणि "आम्ही मोर्चाला आलोय" हे टीसीला पटत नाही. महिलांच्या डब्यात पुरुषांनी चढू नये, दिव्यांगांच्या डब्यात धडधाकटांनी नाही. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं. झेंडा गुंडाळून हातात धरा, दाराबाहेर काढू नका.

सकाळी साडेआठ ते साडेदहा सीएसएमटीकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ तिथून सुटणाऱ्या गाड्यांत गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना घालू नका. मैदान सहाला रिकामं करायचं असतं, म्हणजे नेमकी तीच वेळ. थोडं थांबा, चहा घ्या, आठनंतर निघा. लोकल सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे एक-दोन गाड्या सोडल्या तर बसायलाही मिळतं.

रात्री राहायचं कुठे?

मैदानात राहण्याची परवानगी गृहीत धरू नका. बहुतेक संघटना तीन मार्ग वापरतात. आमदाराचं पत्र घेऊन आमदार निवास, ओळखीच्या कामगार संघटनेचं कार्यालय, किंवा ठाणे-कल्याण-नवी मुंबईतले गाववाले. तिसरा मार्ग सगळ्यात भरवशाचा. मुंबईत प्रत्येक तालुक्याचं कोणी ना कोणी असतंच, कोणी माथाडीत, कोणी पोलिसात, कोणी रिक्षावर. दोन दिवस आधी फोन करा. दारात उभं राहून "झोपायला जागा आहे का" विचारलं तर दहा बाय दहाच्या खोलीतला माणूस अवघडतो.

सीएसएमटीच्या फलाटावर हजारो आंदोलक झोपलेत हे सगळ्यांनी पाहिलंय. गाडीचं तिकीट असेल तर प्रतीक्षालयात बसायचा तुमचा हक्क आहे. तिकीट नसेल तर रेल्वे पोलीस उठवू शकतात.

खाणं-पिणं आणि शौचालय?

हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. माणसं परत जातात ती सरकारला कंटाळून कमी, आणि पोट बिघडून किंवा लघवीला जागा नाही म्हणून जास्त.

एरवी सीएसएमटी आणि क्रॉस मैदानाच्या आसपास वडापावपासून पुरीभाजीपर्यंत सगळं मिळतं. पण मोठ्या आंदोलनात नेमकी हीच दुकानं बंद होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या दिवसांत अशीच उपासमार झाली, मग गावोगावहून भाकरी, चटणी, ठेचा भरून गाड्या आल्या. म्हणून दोन वेळचं कोरडं जेवण घरूनच आणा. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. पातळ भाजी आणि दह्याचं काही नको, दमट हवेत ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी. मुंबईत ऊन मराठवाड्याइतकं कडक नसतं, पण घाम थांबत नाही. मीठ-साखरेची पुडी खिशात असू द्या.

महापालिका फिरती शौचालयं लावते, ती कधीच पुरत नाहीत. सीएसएमटी स्थानकातली आणि आसपासची पैसे देऊन वापरायची शौचालयं जास्त बरी. सुटे पैसे जवळ ठेवा. पोचल्यावर आयोजकाने पहिली घोषणा शौचालय कुठे आहे याची करावी, बाकीच्या नंतर.

पिशवीत काय हवं, काय नको?

आधार कार्डाची झेरॉक्स, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, पॉवर बँक, टॉवेल, पावसाळ्यात प्लास्टिकचा मोठा कागद. पावसात मैदानाचा चिखल होतो आणि तिथे सतरंजी काही कामाची नाही. कागदाच्या चिठ्ठीवर तीन फोन नंबर लिहा: आयोजकाचा, वकिलाचा, घरचा. मोबाइलची बॅटरी गेली की कोणाचाच नंबर आठवत नाही.

चप्पल सवयीची घाला. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला, तेव्हा फोड आलेल्या, सोललेल्या पायांचे फोटो देशभर गेले. मुंबईकरांनी पाण्याबरोबर चपलाही वाटल्या.

कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यातलं काही आणू नका, प्रतीक म्हणूनसुद्धा नाही. काठीही नको. झेंड्याला पुठ्ठ्याची नळी वापरा. रॉकेल-पेट्रोलची बाटली दिसली की पोलीस आत्मदहनाचा प्रयत्न समजून उचलतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

जमावबंदी लागू आहे म्हणतात. म्हणजे गेलोच तर गुन्हा?

मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात. त्यात पाच किंवा अधिक जणांनी विनापरवानगी जमायला बंदी असते. परवानगी घेतलेल्या आंदोलनाला, परवानगीच्या जागेत आणि वेळेत, त्याची अडचण नसते. जुन्या १४४ कलमाच्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आहे, आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं २२३ लागतं.

शांततेने, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे, आणि त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. पोलीस पांगा म्हणाले तर पहिल्या सूचनेलाच आयोजकाकडे बघा आणि तो सांगेल तसं हला. पोलिसांशी वाद घालणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही.

पोलिसांनी गाडीत घातलं तर?

घाबरू नका, धक्काबुक्की करू नका. बहुतेक वेळा हे "ताब्यात घेणं" असतं, अटक नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेतात आणि ६९ खाली संध्याकाळपर्यंत सोडून देतात. नाव-गाव-वय लिहून घेतात. ते खरं सांगा. खोटं नाव सांगितल्याने साधं प्रकरण चिघळतं.

अटक असेल तर कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे, वकिलाशी बोलायचा तुमचा हक्क आहे आणि २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. घरच्यांना कळवण्याचा आग्रह धरा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मोबाइल घेतला तर तो पंचनाम्यात लिहिलाय का बघा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी ही मदत मोफत मिळते.

सुटल्यावर ग्रुपवर फक्त "सुटलो" असं टाका. व्हिडिओ, पोलिसांची नावं, शिव्या नंतरही टाकता येतात आणि न टाकलेल्या बऱ्या.

गुन्हा दाखल झाला तर पोराची भरती बुडेल का?

पोलीस भरती, सैन्य, सरकारी नोकरी आणि पासपोर्ट या सगळ्यांत चारित्र्य पडताळणी असते आणि प्रलंबित गुन्हा त्यात दिसतो. तो लपवला तर गुन्ह्यापेक्षा लपवणं जास्त महागात पडतं. राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय राज्य सरकार वेळोवेळी काढतं. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या आत असावं अशा त्यात अटी असतात. पण समितीपुढे प्रकरण जायचं, मग न्यायालयाची परवानगी, यात वर्षं जातात. भरतीची तयारी करणाऱ्या पोराने मैदानात बसावं, घोषणा द्याव्यात, पण रस्ता अडवायच्या टोळीत जाऊ नये. सरकारी कर्मचाऱ्यांना सेवावर्तणूक नियम लागू आहेत, त्यांनी आपल्या संघटनेला विचारूनच निघावं.

बायकांनी एकटीने यावं का?

एकटीने नको, पण पुरुषांच्या सोबतीची अटही नको. अंगणवाडीच्या सेविका आणि आशाताई वर्षानुवर्षं आझाद मैदानावर येतायत आणि शिस्तीत त्या भल्याभल्या पक्षांना मागे टाकतात. दहा-दहा जणींचा गट, गटाला एक प्रमुख, दर दोन तासांनी मोजणी. शौचालयालाही दोघी मिळून. हीच पद्धत पुरुषांनी उचलावी.

महिलेची झडती महिला पोलिसच घेऊ शकतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

लहान लेकरं, म्हातारी माणसं?

लेकरं शक्यतो नकोत. म्हातारी माणसं येणारच, त्यांना अडवून उपयोग नाही, पण त्यांना कडेला आणि सावलीत बसवा, बॅरिकेडजवळ नाही. मैदानातून हाकेच्या अंतरावर सेंट जॉर्ज, कामा आणि जी. टी. ही सरकारी रुग्णालयं आहेत, रुग्णवाहिकेसाठी १०८.

गर्दीचा धोका दंगलीपेक्षा मोठा असतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. पुढे अडथळा, मागून रेटा, मध्ये सुटायला वाट नाही. छातीवर दाब जाणवायला लागला की दोन्ही हात छातीपुढे घ्या, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका आणि रेट्याच्या उलट न जाता तिरकं तिरकं कडेकडे सरका.

रस्ता किंवा रेल्वे अडवली की सरकार लवकर ऐकतं, नाही का?

रेल्वे अडवण्याला रेल्वे कायद्याचं कलम १७४ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते जाऊ द्या. अडलेल्या लोकलमध्ये मंत्री नसतो. त्यात असते टिटवाळ्याहून येणारी परिचारिका आणि वसईचा शिपाई, ज्याचा लेट मार्क लागतो. ती माणसं तुमच्याच जिल्ह्यातून एक पिढी आधी इथे आलेली आहेत.

२०१८ च्या मोर्चाने याबाबतीत जे केलं ते अजून कोणाला जमलेलं नाही. ११ मार्चच्या रात्री ते शीवजवळच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा रस्ते अडले असते, म्हणून थकलेली माणसं मध्यरात्री उठून चालत आझाद मैदानावर पोचली. सकाळी मुलं पेपरला गेली आणि मुंबई त्या लाल टोप्यांच्या बाजूने झाली.

टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला तर?

आपली मागणी आणि आपलं गाव, एवढं बोला. दुसऱ्या जातीबद्दल, धर्माबद्दल, कोणाच्या आई-बहिणीबद्दल चुकून जरी बोललात तरी दिवसभर तेवढंच दाखवतील. आणि ग्रुपवर "लाठीमार झाला, दोन गेले" असं आलं तर पुढे पाठवण्याआधी मैदानातल्या माणसाला फोन लावा.

शिष्टमंडळात नसलो तरी मंत्रालयात आपलं काम घेऊन जाता येईल?

जाता येतं, पण झेंडा आणि गळ्यातला पट्टा काढून. सर्वसामान्यांना दुपारी २ नंतर प्रवेश मिळतो, ओळखपत्र लागतं, आणि आता डिजिप्रवेश ॲपवर नोंदणी करावी लागते. कोणत्या विभागात, कोणाकडे जायचं ते आधी ठरवा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तुम्ही आलाच नव्हता असं समजा.

हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जायचं असेल तर हेच लागू?

कायदा तोच, जागा वेगळ्या. तिथे अनेक मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि विधानभवनाच्या अलीकडे ठरलेल्या पॉइंटवर थांबवले जातात. डिसेंबरची रात्र तिथे कडाक्याची असते, मुंबईला पुरलेली चादर नागपूरला पुरत नाही. शून्य मैलाजवळ गोवारी स्मारक आहे.

"मागण्या मान्य झाल्या" असं स्टेजवरून सांगितलं. घरी निघायचं का?

आधी विचारा, कागद कोणता मिळाला. मंत्र्याचं तोंडी आश्वासन, बैठकीचं इतिवृत्त, सचिवाच्या सहीचं लेखी आश्वासन आणि शासन निर्णय या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्टेजवर चारही एकाच आवाजात सांगितल्या जातात. शासन निर्णय असेल तर तो सरकारच्या संकेतस्थळावर चढतो आणि त्याला संगणक सांकेतांक असतो. तो आकडा उतरवून घ्या. इतिवृत्त असेल तर कोणत्या मागणीपुढे "तपासून निर्णय घेण्यात येईल" लिहिलंय ते बघा. तेवढी मान्य झालेली नाही.

२०१८ च्या शेतकऱ्यांना लेखी आश्वासन मिळालं होतं. १२ मार्चच्या संध्याकाळी रेल्वेने त्यांच्यासाठी भुसावळपर्यंत खास गाड्याही सोडल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेच लोक नाशिकहून पुन्हा निघाले, आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून निघून शहापूर तालुक्यात वासिंदपर्यंत आले. म्हणून गावी गेल्यावर त्या कागदाच्या झेरॉक्स ग्रामपंचायतीत, तहसीलला आणि संघटनेच्या फायलीत ठेवा, आणि त्यातली पहिली मुदत कोणत्या तारखेला संपते ते कॅलेंडरवर लिहा.